रोज वापरायची, हवी तशी बदलता येणारी क्लिप : प्रोजेक्टसाठी डिझाइन

प्रोजेक्ट_तिसरा

नमस्कार मंडळी. डिझाइनच्या विषयासाठी आमच्या चौघांच्या गटाला 'रोजच्या वापरातली आणि वापरणाऱ्याला बदलता येईल अशी' वस्तू करायची आहे. आम्ही क्लिप निवडली आहे. ती बॅगेच्या पट्ट्यावर किंवा खिशाला अडकवायची, खालच्या कडीत किल्ल्या किंवा इअरफोनची डबी लटकवायची आणि दर्शनी बाजूवर नाव किंवा चित्र टाकायचं.

सध्याचं डिझाइन असं: थ्रीडी प्रिंटरवर छापायची, साहित्य पीएलए (प्रिंटरच्या धाग्याचं नेहमीचं प्लास्टिक), एका तुकड्यात यू आकार. दाबली जाणारी जीभ २५ मिमी लांब, ३ मिमी जाड, १२ मिमी रुंद. टोकाशी फट ०.५ मिमी. पट्टा ३ मिमीपर्यंत जाड, भार १५० ग्रॅम. नाव थेट जिभेवर उठावात. प्रिंट उभं, म्हणजे तोंड वर.

अडचणी:
१) जीभ मुळाशी तुटते. २ मिमीची ३ मिमी केली तर आणखी लवकर तुटते.
२) शर्टाच्या खिशाला लावली की घसरते.
३) मराठी नाव टाकलं की जोडाक्षरं फुटतात.
४) चाचणी नेमकी काय घ्यायची, अहवालात काय दाखवायचं?

---

स्प्रिंगवाला

जाड केल्यावर लवकर तुटणारच. जीभ म्हणजे एका टोकाला पक्की केलेली तुळई. ती ठरावीक अंतर वाकवायची असेल तर मुळाशी येणारा स्ट्रेन (मूळ लांबीच्या किती टक्के ताणलं जातं ते) असा:

स्ट्रेन = (३ × जाडी × वाक) ÷ (२ × लांबी × लांबी)

वाक म्हणजे टोक किती सरकतं ते. फट ०.५ आणि पट्टा ३, म्हणजे वाक २.५ मिमी. तुमचे आकडे घातले की (३ × ३ × २.५) ÷ (२ × २५ × २५) = ०.०१८, म्हणजे १.८ टक्के. छापलेलं पीएलए वारंवार वाकणार असेल तर मी १ टक्क्याच्या वर जात नाही, पीईटीजीला (धाग्याचं दुसरं, जास्त चिवट प्लास्टिक) १.५ टक्के. हे अंगठ्याचे नियम आहेत, पण सुरुवातीला पुरतात.

आता जोर:

जोर = (ई × रुंदी × जाडी³ × वाक) ÷ (४ × लांबी³)

ई म्हणजे साहित्याचा ताठपणा, पीएलएचा ३००० मेगापास्कल धरा. उत्तर जवळपास ३९ न्यूटन, म्हणजे क्लिप उघडायला टोकावर ४ किलोचा जोर. इतका जोर लावून कोणी बोटाने उघडत नाही, पट्टा तिरका घुसवतात आणि जीभ पिळवटते. तुटण्यात त्याचाही वाटा असणार.

दोन्ही सूत्रं शेजारी ठेवून बघा. जाडी जोरात घनाने येते, पण स्ट्रेनही वाढवते. लांबी स्ट्रेनमध्ये वर्गाने येते. आणि रुंदी स्ट्रेनच्या सूत्रात नाहीच! म्हणून पकड वाढवायची तर आधी रुंदी वाढवा. जाडीला हात लावायचा तो शेवटी.

माझा प्रस्ताव: लांबी ३८, मुळाशी जाडी २.५, रुंदी १६, साहित्य पीईटीजी (ई अंदाजे २०००). वाक तोच २.५ ठेवला तर स्ट्रेन ०.६५ टक्के, जोर ५.७ न्यूटन. जीभ मुळापासून टोकाकडे निमुळती करून टोकाशी १.२५ मिमी केलीत तर स्ट्रेन साधारण ०.६ पट होतो, म्हणजे ०.४ टक्के. जोरही त्याच प्रमाणात उतरतो, ३.५ न्यूटनच्या आसपास. पुरेसा आहे का ते खाली बोलू.

मुळाशी आतला कोपरा गोल हवा. त्रिज्या जाडीच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे इथे १.५ मिमी. काटकोनी कोपरा ठेवला तर वरचं सगळं गणित वाया, कारण सूत्रात कोपऱ्यावर साठणारा ताण धरलेलाच नाही.

---

थर_थर

स्प्रिंगवाल्यांशी सहमत, पण गणिताच्या आधी प्रिंटची दिशा सुधारा. तोंड वर करून उभं छापलं की जिभेच्या मुळाशी थर आडवे येतात आणि वाकवताना नेमके तेच थर एकमेकांपासून सुटायला बघतात. तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहा. कापल्यासारखा सपाट, चकचकीत तुटला असेल तर थर सुटलेत. खडबडीत, पांढुरका पडून तुटला असेल तर प्लास्टिक खरोखर ताणलं गेलंय. दोन्हींचे उपाय वेगळे.

क्लिप कुशीवर झोपवून छापा. यू आकाराची बाह्यरेषा बेडवर (प्रिंटरच्या पाटावर) आणि रुंदी वरच्या दिशेने. मग प्रत्येक थरात धागा मुळाच्या वळणातून अखंड वळून जातो. १६ मिमी रुंदी म्हणजे ०.२ च्या थरांनी ८० थर. सपोर्ट (लोंबत्या भागाखाली छापायचा तात्पुरता आधार) लागत नाही.

जिभेची जाडी नोझलच्या रेघेच्या पटीत ठेवा. ०.४ चा नोझल, रेघ ०.४२ धरली तर सहा रेघा म्हणजे २.५२. वॉल (बाहेरच्या भिंतीच्या रेघा) ३ द्या, दोन्हीकडून तीन-तीन रेघा मिळून जीभ भरीव होते. निमुळत्या जिभेत मधे कुठेतरी रेघा सहावरून पाच होतात आणि तिथे बारीक पोकळी राहू शकते. स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बदलत्या रुंदीच्या रेघांचा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर इन्फिल (आतला भराव) १०० टक्के द्या आणि प्रीव्ह्यूत थर एक-एक करून बघा. इन्फिल टक्केवारीने ताकद वाढते हा समज इतक्या बारीक भागात खोटा आहे, इथे सगळं काम भिंतीच करतात.

पहिला थर बाहेर फुगतो. ०.१ ते ०.२ मिमी सहज. कुशीवर छापताना तो फुगवटा फटीतही येतो आणि फट एका कडेला बंद होते. खालच्या सगळ्या कडांना ०.५ चा चॅम्फर (तिरका काप) मारा.

---

मापात_पाप

+१ कुशीवर छापण्याला.

दुसरा प्रश्न (खिशावर घसरणे): तुमच्या स्पेसिफिकेशनमध्येच गडबड आहे. १ मिमी कापड आणि ३ मिमी पट्टा एकाच क्लिपला धरायला सांगताय. फट ०.५ असेल तर कापडावर वाक ०.५ आणि पट्ट्यावर २.५. जोर वाकाच्या सरळ प्रमाणात, म्हणजे कापडावर पाचपट कमी पकड. वरच्या निमुळत्या जिभेत ती ०.७ न्यूटन भरते. कापड आणि प्लास्टिकमधलं घर्षण ०.३ धरलं, दोन्ही बाजूंनी पकडलं, तर धारण ०.४२ न्यूटन. १५० ग्रॅमला दीड न्यूटन हवेत. घसरणारच.

फट शून्य करता येईल का? एका तुकड्यात नाही. ०.४ च्या खाली गेलात की दोन भिंती चिकटतात, पीईटीजीत तर तारा सुटून हमखास.

म्हणून दोन मापं करा.

'पट्टा' माप: जीभ ३८ मिमी. फट = पट्ट्याची जाडी वजा २.५. पट्टा ३ असेल तर फट ०.५, पट्टा ४ असेल तर १.५. यातली गंमत अशी की वाक कायम २.५ राहतो, त्यामुळे स्ट्रेन आणि पकड दोन्ही बदलत नाहीत. वापरणाऱ्याने जाडी टाकायची, बदलते फक्त फट.

'कापड' माप: जीभ आखूड, २५ मिमी. जाडी सगळीकडे २.५, फट ०.४. कापड १ मिमी धरलं तर वाक ०.६, स्ट्रेन ०.३६ टक्के, जोर ४.८ न्यूटन. हीच क्लिप कोणी ३ मिमी पट्ट्यावर दामटली तर स्ट्रेन दीड टक्क्याच्या वर जातो, म्हणून आतल्या बाजूला 'कापड' असं कोरून ठेवा.

आणखी एक, टोकाशी आतून टेंगूळ हवंच. १ मिमी उंच, गोलसर. फट या टेंगळापाशी मोजायची. टेंगूळ नसेल तर जाड पट्टा आत मुळापर्यंत सरकतो, जीभ टोकाऐवजी मधेच उचलली जाते, सूत्रातली लांबी ३८ ची २० होते आणि स्ट्रेन जवळपास चौपट. कागदावर सुरक्षित, हातात तुटकी!

---

प्रोजेक्ट_तिसरा

सगळ्यांचे आभार. तुटलेले तुकडे पाहिले, सगळे सपाट तुटलेत.

शंका: (अ) पीएलए सोडायलाच हवं का? रंग त्यातच जास्त आहेत. (आ) कुशीवर छापलं तर दर्शनी बाजूवर नाव कसं येणार? ते आता उभ्या भिंतीवर येतंय आणि अक्षरांच्या खालच्या कडा लोंबतात.

---

थर_थर

(अ) जिभेसाठी सोडा, नावाच्या वेगळ्या पाटीसाठी ठेवा. पीएलए तुटतं म्हणून नव्हे. ०.४ टक्के स्ट्रेन ते आरामात सोसेल. खरी अडचण अशी की सतत वाकवून ठेवलं की पीएलए हळूहळू त्या आकाराला सरावतं आणि पकड उतरते. क्लिप पट्ट्यावरच राहते, म्हणजे जीभ दिवसरात्र वाकलेली. शिवाय पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात बंद उभ्या गाडीत ठेवली तर तोंड उघडं पडलेली क्लिप मिळेल. पीईटीजी ८० अंशांपर्यंत तग धरतं. सरावतं तेही, पण कमी.

पीईटीजीच्या सेटिंग: नोझल २३५ ते २४५, बेड ७५ ते ८०, पंखा ३० ते ५० टक्के. पंखा १०० टक्के चालवला तर थर नीट जुळत नाहीत. धागा दमट असेल तर फटीत जाळी होते. ६५ अंशांवर ४ ते ६ तास वाळवा. बेडवरच्या गुळगुळीत पीईआय (प्लास्टिकचा थर दिलेल्या) पत्र्यावर पीईटीजी इतकं चिकटतं की पत्र्याचा थर उचलून आणतं, म्हणून मधे ग्लूस्टिक फासा. इथे ग्लूस्टिक चिकटण्यासाठी नाही, सुटण्यासाठी आहे.

(आ) चं उत्तर सुतारपक्षी देतील, जोडकामात त्यांचा हात धरणारं कोणी नाही इथे.

---

सुतारपक्षी

:) 

(आ) नाव क्लिपवर छापूच नका. पाटी वेगळी करा. याचं कारण फक्त प्रिंटची दिशा नाही. जिभेवर उठाव दिला की अक्षर आहे तिथे जाडी वाढते, नाही तिथे नाही. प्रत्येक नावागणिक क्लिपचा जोर बदलणार आणि प्रत्येक अक्षराच्या कडेला ताण साठणार. मग 'अनन्या'ची क्लिप टिकते आणि 'ओम'ची तुटते असा निकाल आला तर त्यावर काय लिहाल? वापरणाऱ्याला बदलायला द्यायचं ते भार न घेणाऱ्या भागात ठेवा. स्प्रिंग तुमच्या ताब्यात, पाटी त्याच्या ताब्यात. परीक्षकाला सांगायला यापेक्षा चांगलं वाक्य नाही.

क्लिपची जीभ मागे, कडक पाठ पुढे. पाठ ४.५ मिमी जाड ठेवा. पाटी आणि खालची कडी दोन्ही पाठीवरच.

जोड: डव्हटेल खाच, म्हणजे तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. पाठीवर खाच, पाटीच्या मागे कणा. खाचेची दिशा क्लिपच्या रुंदीकडून, म्हणजे पाटी बाजूने सरकवायची. कुशीवर छापताना ही खाच उभी येते, म्हणजे क्लिपच्या आकाराचाच एक भाग होते, सपोर्ट शून्य. खालचे १.२ मिमी बंद ठेवा, तोच थांबा.

मापं: कणा तळाशी ६ मिमी, माथ्याशी ८.३ मिमी, उंची २, बाजूंचा कोन ६० अंश. खाच दोन्ही बाजूंनी ०.२ मिमी मोठी आणि खोलीला ०.३ सैल. खाच २.३ खोल गेली की पाठीत २.२ उरतात, त्याहून कमी नको. ०.१ ला पाटी अडकते, ०.३ ला खुळखुळते. पण हे मशीनगणिक बदलतं, म्हणून आधी एकाच पट्टीवर ०.१०, ०.१५, ०.२०, ०.२५, ०.३० अशा पाच खाचा छापा, एक कणा छापून प्रत्येकीत घाला. अर्ध्या तासाचं काम आहे आणि अहवालात एक पान भरतं.

पाटी बाहेर सरकू नये म्हणून कण्यावर ०.३ उंचीचा गोल दाणा आणि खाचेत त्याला खळगा. दाण्यापेक्षा खळगा थोडा मोठा असू द्या, ०.४ खोल. दाणा ०.५ केलात तर पहिल्यांदा बसते, दुसऱ्यांदा दाणा झिजलेला असतो.

---

चुंबकीय_व्यक्तिमत्त्व

डव्हटेलपेक्षा दोन चुंबक का नकोत? ६ × २ मिमी निओडिमियम, टक्कन बसतं, टक्कन निघतं. दिसायलाही स्वच्छ.

---

सुतारपक्षी

दिसायला छान, मान्य. पण चुंबक सरळ ओढायला चांगले आणि बाजूच्या धक्क्याला कच्चे असतात. बॅगेवरची पाटी बसच्या दांड्याला, दाराला बाजूनेच घासते. चुंबकच हवे तर पाटीभोवती १ मिमीची उंच कड ठेवून ती त्यात बसवा, बाजूचा धक्का कड घेईल.

बाकी काळज्या: खळगा ६.२ मिमी व्यासाचा (भोकं छापताना आकसतात), चुंबक बसवण्याआधी मार्करने ध्रुवाची खूण, सगळ्या पाट्यांना तोच क्रम. साध्या एन दर्जाचे चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमचे अशक्त होतात, त्यामुळे प्रिंट थांबवून आत गाडायचे असतील तर गरम बेडपासून जेवढे वर तेवढं बरं. गाडण्यात आणखी एक गोची म्हणजे सुटा चुंबक टुणकन नोझलला जाऊन चिकटतो. एक थेंब सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) टाकून मगच प्रिंट पुढे चालू करा.

आणि घरात लहान मूल असेल तर सुटे चुंबक नकोच. दोन चुंबक गिळले गेले की ते आतड्याच्या भिंती मधे धरून एकमेकांना चिकटतात, शस्त्रक्रियेपर्यंत प्रकरण जातं. पेसमेकर असलेल्यांच्या छातीवरच्या खिशाला चुंबकाची क्लिप नको, हेही सूचनापत्रात लिहा. एवढे 'पण' जिथे येतात तिथे मी डव्हटेल घेतो.

---

शिरोरेखा

तिसरा प्रश्न माझा.

बऱ्याच कॅडमधलं (डिझाइनच्या प्रोग्रॅममधलं) मजकुराचं टूल देवनागरीची जुळणी करत नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते, रफार सुटतो, 'क्ष' चे दोन तुकडे पडतात. 'श्रद्धा', 'क्षितिज', 'ऊर्मिला' हे तीन शब्द टाकून बघा, तिन्ही नीट आले तर टूल वापरण्याजोगं आहे. नाही आले तर हा मार्ग:

इंकस्केपमध्ये (चित्रं काढायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये) नाव लिहा. फॉन्ट युनिकोड आणि ठळक हवा. मुक्ता किंवा बालू चांगले, दोन्ही खुल्या परवान्याचे. मजकूर पाथमध्ये (नुसत्या बाह्यरेषांत) बदला. ग्रुप सोडा. मग युनियन करा, म्हणजे सगळे आकार एकात जोडा. हा युनियन लोक विसरतात. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते. न जोडता एसव्हीजी (रेषाचित्राची फाइल) काढली तर कॅड त्या घुसलेल्या भागाला भोक समजतं आणि शिरोरेषेत ओळीने चौकोनी खिडक्या पडतात. दिसलं की समजायचं, युनियन राहिलाय.

रेघ कुठेही ०.८ मिमीपेक्षा बारीक नको (०.४ नोझलच्या दोन रेघा). अनुस्वाराचा ठिपका किमान १ मिमी व्यासाचा, नाहीतर बेडवर धरत नाही आणि नोझल त्याला ओढून नेतो. मग 'नंदा'ची 'नदा'. अक्षराची उंची मात्रा-उकार सोडून ७ मिमीच्या खाली नको. 'ष्ठ', 'द्ध' असलेल्या नावांना ९ घ्या. म्हणजे पाटीची उंची क्लिपच्या रुंदीएवढी, १६, पुरत नाही, 'कृष्णा'सारख्या नावात वर काही नाही पण खाली ऋकार असतो. पाटी ४२ × २० × २ करा, क्लिपच्या बाहेर दोन-दोन मिमी आली तर बिघडत नाही.

---

प्रोजेक्ट_तिसरा

पाटीच्या मागे कणा आहे, मग ती छापायची कुठल्या बाजूने? नाव वर ठेवलं तर कण्याखाली सपोर्ट येतो.

---

शिरोरेखा

दर्शनी बाजू खाली. कणा वर येतो आणि त्याच्या बाजू उभ्यापासून ३० अंशच कललेल्या असल्याने सपोर्ट लागत नाही. बेडला लागलेला पृष्ठभागच सगळ्यात सफाईदार असतो, तोच लोकांना दिसतो.

मग उठाव विसरा. दोन पर्याय. एक, अक्षरं ०.४ खोल कोरीव. सोपं, एका रंगात. दोन, जडाव: आधी फक्त अक्षरं एका रंगात, एकच थर, ०.२ मिमी. बेडवरून न काढता धागा बदला आणि अक्षरांच्या जागा मोकळ्या ठेवलेली पाटी त्यावरच छापा. अक्षरं दोन थरांची केलीत तर दुसऱ्या प्रिंटचा पहिला थर घालताना नोझल त्यांना धडकतो. झेड-हॉप (सरकताना नोझल वर उचलण्याचं अंतर) ०.६ ठेवा. गडद अक्षरं, फिकट पाटी असा क्रम घ्या, कारण ०.२ चा पांढरा थर काळ्या पाटीवर राखाडी दिसतो.

आणि मॉडेल मिरर करू नका. कॅडमध्ये नाव दर्शनी बाजूवर सुलट काढा, स्लायसरमध्ये वस्तू उलटी ठेवा. बेडवर अक्षरं उलटी दिसतात, ती तशीच हवीत. तिथे घाबरून मिरर मारला की सगळी बॅच उलटी.

---

स्प्रिंगवाला

चौथा प्रश्न राहिला होता. चाचण्या चार घ्या, पण प्रत्येकीचा पास-नापास आकडा आधी लिहून ठेवा. नंतर ठरवलेला आकडा परीक्षकाला लगेच कळतो.

पहिली, ई स्वतः मोजा. पुस्तकातला ई छापलेल्या वस्तूचा नसतो. ३८ मिमी मोकळी राहील अशी २.५ × १६ ची सरळ पट्टी छापा, क्लिप छापता त्याच दिशेने. एक टोक शिकंजात, दुसऱ्यावर २०० ग्रॅम, म्हणजे १.९६ न्यूटन. ई २००० असेल तर टोक ०.८६ मिमी खाली यायला हवं. जास्त आलं तर खरा ई कमी. डायल गेज नसेल तर व्हर्नियरची डेप्थ पट्टी चालते. पण पट्टीची जाडी व्हर्नियरने खरी मोजून घ्या: ०.१ मिमी जास्त भरली तर ताठपणा १२ टक्क्यांनी वाढतो. शिकंजात पकडताना लांबी १ मिमीने चुकली तर ८ टक्क्यांचा फरक.

दुसरी, ओढ. क्लिप पट्ट्यावर, कडीत लगेज स्केल, हळूहळू ओढायचं. घसरते की तुटते, किती न्यूटनला. किमान पाच नमुने. एका नमुन्यावरून सरासरी काढणारे अहवाल पाहिलेत, हसू येतं. वरच्या ३.५ न्यूटनच्या पकडीत घर्षण फक्त २.१ न्यूटन देतं, १५० ग्रॅमला ते स्थिर असताना पुरतं. पळताना किंवा बसमध्ये चढताना हिसका तिप्पट धरा, म्हणजे साडेचार न्यूटन हवेत. ते घर्षणातून आणू नका. टेंगळाची मुळाकडची बाजू उभी करा आणि पट्ट्याच्या रुंदीएवढीच जागा आत ठेवा, म्हणजे पट्ट्याची कड टेंगळाला अडते आणि भार आकारावर येतो. टेंगळाची बाहेरची बाजू ३० अंशांचा उतार, आत घालायला हलकी.

तिसरी, फेऱ्या. दिवसाला २० वेळा उघडझाप धरली तर वर्षाला ७३०० फेऱ्या. ३० आरपीएमची गिअर मोटर, तिच्यावर २.५ मिमी उचलणारा कॅम, जीभ त्यावर टेकवायची. चार तासांत वर्ष संपतं. दर १००० फेऱ्यांनी फट मोजून आलेख काढा. मोटर जास्त वेगाची घेऊ नका, प्लास्टिक आतून गरम होऊन निकाल बिघडतो.

चौथी, सरावण्याची. ३ मिमीच्या पट्टीवर क्लिप लावून २४ तास ठेवा, काढल्यावर लगेच आणि एका तासाने फट मोजा. पीएलए आणि पीईटीजी शेजारी ठेवून ही एकच चाचणी केलीत तरी साहित्य का बदललं याचं उत्तर तयार.

---

मापात_पाप

थोडी भर. यू च्या वळणालाही लवचीकता असते, सूत्र ते पूर्ण ताठ धरतं. म्हणून क्लिपवर प्रत्यक्ष मोजलेला जोर गणितापेक्षा कमी येईल. घाबरून जाडी वाढवू नका, मुळाशी स्ट्रेनही तितकाच कमी झालेला असतो. अहवालात हा फरक लपवण्यापेक्षा कारणासकट दाखवा.

---

कोड_लावा

'कस्टमायझेबल' म्हणताय तर पॅरामेट्रिक मॉडेल हवं, म्हणजे आकडा बदलला की आकार आपोआप बदलणारं. ओपनस्कॅड, फ्रीकॅडची स्प्रेडशीट किंवा फ्यूजनचे यूजर पॅरामीटर, काहीही चालेल. ओपनस्कॅडमध्ये चलाच्या ओळीपुढे कमेंटमध्ये चौकोनी कंसात मर्यादा लिहिली की कस्टमायझरमध्ये आपोआप स्लायडर येतो, वापरणाऱ्याला कोड दिसतही नाही.

वापरणाऱ्याच्या हातात चारच गोष्टी: पट्ट्याची जाडी, पट्ट्याची रुंदी, नाव, पाटीचा आकार. जिभेची जाडी आणि त्रिज्या बाहेर देऊ नका. लांबी पट्ट्याच्या रुंदीवरून काढा: रुंदी अधिक १३, पण ३० च्या खाली नाही. २५ चा पट्टा, जीभ ३८. ४० चा पट्टा आला तर जीभ ५३ होते आणि पकड मऊ पडते, तिथे जाडी २.५ वरून २.९४ (सात रेघा) करायची अट आत लिहा. सगळ्यात शेवटी स्ट्रेनचं सूत्र मॉडेलमध्येच घाला आणि उत्तर १ टक्क्याच्या वर गेलं की असर्टने (अट मोडली की काम थांबवणाऱ्या आज्ञेने) मॉडेल थांबवा, 'या मापांत जीभ टिकणार नाही' असा संदेश देऊन. चुकीची क्लिप छापलीच जात नाही. माझ्या मते तुमच्या प्रोजेक्टचा खरा इंजिनिअरिंगचा भाग हाच आहे.

---

थर_थर

असर्टची कल्पना झकास. वाचनखूण साठवली.

---

प्रोजेक्ट_तिसरा

शेवटची शंका. तोंडी परीक्षेत 'हीच क्लिप साच्यात हजारोंनी काढायची तर काय बदलाल' हा प्रश्न हमखास असतो म्हणे.

---

सुतारपक्षी

असतो. थोडक्यात: पाठीची ४.५ मिमी भरीव जाडी चालणार नाही, जाड भाग हळू थंड होतो आणि पृष्ठभाग खचतो. सगळीकडे २ मिमीच्या आसपास भिंत ठेवायची आणि ताठपणा मागच्या फासळ्यांनी आणायचा, फासळीची जाडी भिंतीच्या ५० ते ६० टक्के. साचा उघडण्याच्या दिशेतल्या भिंतींना १ अंशाचा उतार. साचा क्लिपच्या रुंदीच्या दिशेने उघडला तर यू ची पोकळी, टेंगूळ आणि खाच तिन्ही सरळ सुटतात, सरकता कोअर लागत नाही. तुम्ही कुशीवर छापताय तीच दिशा. साहित्य ॲसिटल किंवा नायलॉन, दोन्ही वारंवार वाकायला पीईटीजीपेक्षा उजवे. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं आणि मऊ पडतं, त्यामुळे साच्यातून नुकत्याच निघालेल्या तुकड्याची चाचणी ग्राह्य धरायची नाही, हेही सांगा.

कोणी 'मग लेझरने ॲक्रिलिक कापून का नाही केलं' विचारलं तर: ॲक्रिलिक ठिसूळ असतं, जीभ करायच्या लायकीचं नाही. पाटी मात्र ॲक्रिलिकची उत्तम होते. फक्त कापलेल्या कडा स्पिरिटने पुसू नका, बारीक तडे जातात.

---

मापात_पाप

अवांतर: कडीसाठी वेगळी पिन विकत घेत बसू नका. १.७५ मिमी धाग्याचाच तुकडा, भोक २ मिमी, दोन्ही टोकं सोल्डरिंग आयर्नने दाबून डोकी करा. धागा पीईटीजीचाच घ्या.